परदेशी शिक्षकीचा करार : सहीपूर्वीचा हिशेब

वऱ्हाडला करार नवे नाहीत. १८५३ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहाने हा प्रांत फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली झाला. पुढे १९०२ साली, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडावर ब्रिटिश सरकारने तो कायमच्या पट्ट्याने घेतला. ज्यांच्या कष्टाच्या कापसावर हा सारा व्यवहार उभा होता, त्या अमरावती-अकोल्याच्या कास्तकाराला दोन्ही वेळी कोणी विचारले नाही. नंतर १९४७ चा अकोला करार झाला, १९५३ चा नागपूर करार झाला. त्यांतील आश्वासनांचे काय झाले याचा हिशेब वऱ्हाडी माणूस अजून मांडतोच आहे. करार कोणी लिहिला, तो कोणी वाचला आणि मोडला गेल्यास दाद कोठे मागायची, हे तीन प्रश्न या भूमीला तिच्या इतिहासानेच शिकविले आहेत.

हेच तीन प्रश्न आज एका वेगळ्याच कागदाला विचारण्याची वेळ आली आहे. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेला, बी. एड. केलेला, तासिका तत्त्वावर दोन-चार वर्षे काढलेला वऱ्हाडातील तरुण किंवा तरुणी घ्या. त्यांच्या मोबाइलवर आठ-दहा पानांचा एक मसुदा येतो. आखाती देशातील खाजगी शाळा, मालदीवमधील एखादे बेट किंवा आग्नेय आशियातील भाषावर्ग. काम इंग्रजी शिकविण्याचे, मुदत दोन वर्षांची. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत पगाराचा आकडा असतो आणि सोबत दलालाचा निरोप असतो : दोन दिवसांत सही करून पाठवा, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. घरात आनंद होतो. उरलेली पाने कोणी वाचत नाही. वाचली तरी त्यांचा अर्थ लावून देणारे माणूस गावात नसते.

समाजवादी कार्यकर्त्याने या व्यक्तिगत व्यवहारात का पडावे, असा आक्षेप घेतला जाईल. दुसरा आक्षेप त्याहून टोकदार आहे. डॉ. राममनोहर लोहियांच्या नेतृत्वाखाली ज्या चळवळीने इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध रान उठविले, तिच्या वारसांनी इंग्रजी विकायला परदेशी निघालेल्यांची चिंता वाहावी काय? या दोन्ही आक्षेपांना उत्तर आहे. लोहियांचा विरोध इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला नव्हता. मूठभरांच्या हाती सत्ता ठेवणारे साधन म्हणून इंग्रजीचा जो वापर होतो, त्याला तो होता. अकोल्याच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीने जिद्दीने ही भाषा कमावली आणि ती शिकविण्याचे श्रम ती विकू लागली, की ती श्रमिकच असते. श्रमिकाच्या कराराकडे पाठ फिरविणारा समाजवाद हा समाजवाद नव्हे. राहिला व्यक्तिगतपणाचा मुद्दा. सही एकटीची असते हे खरे, परंतु ज्या परिस्थितीत ती केली जाते ती परिस्थिती सार्वजनिक धोरणाने घडविलेली असते.

ती परिस्थिती पाहिल्याशिवाय परदेशी कराराचे मोल ठरविता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने २००० साली शिक्षण सेवक योजना आणली आणि शिक्षकाच्या पहिल्या तीन वर्षांच्या श्रमाला वेतनाऐवजी मानधन दिले. हे मानधन २०२३ साली वाढविले गेले, तेव्हा कोठे ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झाले. २००१ साली 'कायम विनाअनुदानित' शाळांचे धोरण आले. त्यातील 'कायम' हा शब्द २००९ साली वगळला गेला, तरी अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहत शेकडो शिक्षकांची उमेदीची वर्षे सरली. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्याला तासापुरते पैसे मिळतात आणि सुटीत काहीच मिळत नाही. संस्थाचालकांना कायम जागेसाठी मोजाव्या लागणाऱ्या रकमेची चर्चा तर प्रत्येक तालुक्यात उघडपणे होते. म्हणजे परदेशी कराराचा कागद हाती येण्यापूर्वीच या तरुणांनी एक वाईट करार भोगलेला असतो. दुसऱ्या करारावरची सही स्वेच्छेची दिसते. तिच्यामागे पहिल्या कराराचा धक्का असतो.

आता हिशेबाकडे वळू. समजा, मसुद्यात महिना ६० हजार रुपयांइतके वेतन लिहिले आहे. दोन वर्षांचे १४ लाख ४० हजार झाले, असे घरात तोंडी ठरते. पण आत एक कलम आहे की वार्षिक सुटीच्या दोन महिन्यांचे वेतन मिळणार नाही. म्हणजे वेतनाचे महिने २४ नसून २० आणि रक्कम १२ लाख. निवासाची सोय करारात नाही. खोलीभाडे महिना १८ हजार आणि सुटीतही खोली सोडता येत नाही. ते झाले ४ लाख ३२ हजार. जेवण, जाणे-येणे, किरकोळ खर्च महिना १२ हजार धरला तर २० महिन्यांचे २ लाख ४० हजार. दलालाला दीड लाख आधीच दिले. ते खाजगी कर्जाने उभे केले आणि दरमहा शेकडा २ दराने वर्षभरात फेडले, तर व्याज साधारण ३६ हजार. विमानाचे भाडे स्वतःचे, ६० हजार. हे सर्व वजा जाता हाती उरतात २ लाख ८२ हजार. त्यांना २४ ने भागले की महिना ११ हजार ७५० रुपये पडतात. अमरावतीत माध्यमिक शाळेचा शिक्षण सेवक १८ हजारांतून स्वतःवर ८ हजार खर्च करीत असेल, तर त्याच्याही हाती १० हजार राहतात. साता समुद्रापलीकडे जाऊन झालेला लाभ महिना १ हजार ७५० रुपयांचा!

तोच ६० हजारांचा आकडा ठेवा आणि कलमे बदला. सुटीचे वेतन आहे, निवास शाळेचा आहे, येण्याजाण्याचे भाडे शाळा देते, भरतीचा खर्च मालकाकडे आहे. मग १४ लाख ४० हजारांतून जेवणखाणाचे २ लाख ४० हजार वजा होतात आणि १२ लाख उरतात, म्हणजे महिना ५० हजार. यातील आकडे नमुन्याचे आहेत, देशपरत्वे ते बदलतील. पण त्यातून निघणारा निष्कर्ष बदलणार नाही. एकाच पगाराच्या दोन करारांत चौपटीहून अधिक अंतर पडू शकते आणि ते अंतर पहिल्या पानावर कधीच दिसत नाही. कापसाचा भाव फलकावर वाचून समाधान मानू नये, अडत, हमाली आणि कटती वजा जाता पट्टीवर काय उरले ते पाहावे, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच्याच मुलाला ते पगाराच्या बाबतीत सांगावे लागते.

उरलेल्या कलमांत चार गोष्टी विशेष तपासण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट मूळ वेतन आणि भत्ते यांच्या विभागणीची. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार वर्षभराहून अधिक सेवा झाल्यावर पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षामागे २१ दिवसांचे मूळ वेतन सेवासमाप्तीचे उपदान म्हणून मिळते. एकूण पगार ५ हजार दिरहम असून त्यात मूळ वेतन २ हजार दाखविले, तर दोन वर्षांचे उपदान २ हजार ८०० दिरहम होते. ४ हजार दाखविले असते, तर ५ हजार ६०० झाले असते. महिन्याचा पगार तोच, पण शेवटी हाती येणारी रक्कम निम्मी.

दुसरी गोष्ट चलनाची. १९७० च्या दशकात तेलाच्या भरभराटीत अनेक भारतीय शिक्षक नायजेरियात गेले. १९८६ साली तेथे नायराचे मूल्य बाजारावर सोडले गेले, ते झपाट्याने कोसळले आणि नायरात वेतन घेणाऱ्यांच्या बचतीचे मोल त्याबरोबर वितळले. मालदीवमध्ये स्थानिक चलनात वेतन घेणाऱ्या भारतीय शिक्षकांना अलीकडच्या काळात निराळी अडचण आली. डॉलरची टंचाई झाली की मायदेशी पाठवायच्या रकमेवर मर्यादा येते; पगार खात्यात असतो, पण घरी पोचत नाही. म्हणून किती मिळणार या प्रश्नाबरोबरच कोणत्या चलनात मिळणार आणि त्यातले किती बाहेर नेता येणार, हेही विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट बाहेर पडण्याच्या वाटेची. करार किती चांगला आहे हे तो बिघडल्यावर कळते. एक महिन्याची सूचना देऊन शाळा काढू शकते आणि शिक्षकाने मुदतीपूर्वी सोडले तर तीन महिन्यांचे वेतन भरावे लागते, अशी विषम कलमे असतील तर त्या कागदाला करार म्हणणे कठीण आहे. आखाती देशांत कफाला पद्धतीने परक्या कामगाराचे वास्तव्य मालकाशी बांधून ठेवले. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ना-हरकत पत्र रद्द केले आणि सौदी अरेबियाने २०२१ साली काही बंधने सैल केली, ही प्रगती मान्य केली पाहिजे. तरीही कामगार 'पळून गेला' अशी मालकाची तक्रार त्याला एका दिवसात बेकायदा ठरवू शकते, हा धाक कागदावरच्या सुधारणेने सहजी जात नाही. पासपोर्ट आणि मूळ पदव्या स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क म्हणूनच पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. अमिरातीच्या कायद्याने तर कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवण्यास आणि भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्यास मनाई केली आहे. मसुद्यात याविरुद्ध काही लिहिले असेल, तर तो मसुदा त्या देशाच्याच कायद्याविरुद्ध आहे.

चौथी गोष्ट कोणता कागद खरा, ही. येथे सही होते ती देकारपत्रावर. तेथे उतरल्यावर दुसरा करार पुढे येतो. आखातात करार अरबी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असला, तर वादाच्या वेळी सामान्यतः अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. इंग्रजी शिकवायला गेलेल्या माणसाचे भवितव्य त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत ठरावे, यातील उपरोध बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. त्याहून मोठा धोका पर्यटक व्हिसाचा. 'आधी पर्यटक म्हणून या, मग कागद करू' असे जेथे सांगितले जाते, तेथे करारच नसतो. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने गेलेल्या कित्येकांना म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबण्यात आले. २०२५ च्या मार्चमध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना तेथून परत आणले. ते इंग्रजी शिकवायला निघाले नव्हते, परंतु बोलावण्याची रीत हीच होती.

स्त्री-शिक्षकांच्या बाबतीत हिशेबाला आणखी एक रकाना जोडावा लागतो. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. अमिरातीत ती ६० दिवसांची आहे आणि त्यांतील शेवटचे १५ दिवस अर्ध्या पगाराचे. निवास किती जणींत मिळून आहे, ये-जा करण्यावर कोणती बंधने आहेत, आजारपणाचा विमा कोण भरतो, हे प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी संकोचाने विचारीत नाहीत आणि दलाल आपणहून सांगत नाही.

इंग्रजीच्या या बाजारात एक वर्णव्यवस्थाही नांदते. दक्षिण कोरियासारख्या देशाने इंग्रजी शिकविण्याचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांपुरता ठेवला. २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारानंतर पात्र भारतीय शिक्षकांसाठी काही अटींवर दार किलकिले झाले. इतरत्रही 'मातृभाषक' म्हणून जन्मलेल्याला अनुभव नसताना अधिक वेतन आणि दहा वर्षे शिकविलेल्या भारतीयाला कमी, असा भेद उघड चालतो. जन्मावरून मोल ठरविण्याची ही रीत ज्या समाजाने शतकानुशतके भोगली, त्यातील माणसाला ती ओळखायला वेळ लागू नये. कराराचे मूल्यमापन करताना त्याच शाळेत तेच काम करणाऱ्या दुसऱ्याला काय मिळते, हे विचारणे म्हणजे हावरटपणा नव्हे. समान कामाला समान वेतन ही चळवळीची जुनीच मागणी आहे.

मग कायदा कोठे आहे? १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने परदेशी भरती करणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची केली आणि त्याच्या शुल्काला मर्यादा घातली. आज ती ३० हजार रुपये आणि त्यावरील कर एवढी आहे, आणि तिची पावती मिळाली पाहिजे. दीड-दोन लाख मागणारा दलाल त्याच क्षणी कायदा मोडीत असतो. दलाल नोंदलेला आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. परंतु या कायद्यात शिक्षकाच्या दृष्टीने एक मोठी पोकळी आहे. ठरावीक अठरा देशांत जाणाऱ्यांच्या कराराची जी सरकारी तपासणी होते, ती मुख्यतः दहावी उत्तीर्ण नसलेल्यांसाठी. शिकलेला माणूस स्वतःचे हित स्वतः पाहील, असे गृहीत धरून पदवीधराला तीतून मोकळे केले आहे. एम. ए., बी. एड. झालेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने सज्ञान आणि कराराच्या दृष्टीने निराधार, अशी ही अवस्था आहे. महाराष्ट्रासाठीचे उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय मुंबईत. अमरावती-अकोल्याहून एका रात्रीचा रेल्वेप्रवास. नव्या कायद्याचे मसुदे २०१९ आणि २०२१ साली लोकांपुढे मांडले गेले, पण जुन्या कायद्याने सोडलेला हा माणूस आजही एकटाच आहे.

या एकटेपणावर उपाय काय, हेही इतिहासात सापडते. 'अ‍ॅग्रिमेंट' या शब्दाचा अपभ्रंश होऊन 'गिरमिट' झाला. १८३४ पासून लाखो भारतीय या गिरमिटाखाली मॉरिशसपासून फिजीपर्यंत नेले गेले. त्यांत मॉरिशसला गेलेली मराठी माणसेही होती. त्यांच्याही कागदावर मुदत होती, मजुरी होती आणि अंगठा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० साली केंद्रीय कायदेमंडळात नाताळला जाणाऱ्या गिरमिट्यांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला, तो स्वीकारला गेला. १९१२ साली ही पद्धतच रद्द करा असा ठराव त्यांनी आणला, तो फेटाळला गेला. तरी लोकमत थांबले नाही आणि १९१७ साली ती भरती बंद पडली. आजच्या पदवीधर शिक्षकाची तुलना त्या मजुराच्या हालांशी करणे अन्यायाचे होईल. परंतु सही दिली म्हणजे न्याय झाला, हा युक्तिवाद गोखल्यांनी तेव्हाच खोडून काढला होता, हे विसरता कामा नये.

खुद्द महाराष्ट्रातील शिक्षकाचा अनुभवही हेच सांगतो. संस्थाचालकाच्या लहरीवर नोकरी जाण्याचे दिवस १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाने आणि त्याखालील न्यायाधिकरणांनी बऱ्याच अंशी संपविले. ते संरक्षण शिक्षकांच्या संघटनांनी लढून मिळविले होते. एकेकट्या शिक्षकाच्या हुशारीने ते आले नव्हते. परदेशी जाणारा शिक्षक विमानतळावर हे सारे मागे ठेवून जातो. संघटनेने त्याच्याबरोबर जाण्याची सोय केली पाहिजे.

म्हणून अमरावती आणि अकोला येथील पक्षशाखांपुढे एक साधे काम आहे. दोन्ही शहरांत आठवड्यातून एक दिवस करार-वाचनाची बैठक सुरू करावी. एखादा वकील, एखादा निवृत्त शिक्षक, हिशेब जाणणारा एखादा बँक कर्मचारी आणि परदेशी नोकरी करून परतलेले कोणी, एवढी माणसे पुरेत. मसुदा आणणाऱ्याला सल्ल्याचे शुल्क नसावे. दलालाची नोंदणी, व्हिसाचा प्रकार, वेतनाचे महिने, मूळ वेतन, निवास, चलन, बाहेर पडण्याच्या अटी आणि तक्रारीची जागा, हे सर्व एका कागदावर मांडून महिन्याकाठी खरी शिल्लक किती ते काढून द्यावे. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. चांगला करार असेल तर आनंदाने पाठवावे आणि पोचल्यावर पत्ता घ्यावा, म्हणजे अडचणीत हाक मारायला कोणी तरी राहील.

त्याबरोबर राज्य शासनाकडे मागणी धरली पाहिजे. केरळने १९७७ सालीच परदेशी भरतीसाठी स्वतःची सार्वजनिक कंपनी काढली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. मनुष्यबळ पाठविण्याचा करार शासनाला करता येतो, तर त्या मनुष्यबळाने सही करावयाचा करार जिल्ह्याच्या ठिकाणी तपासून देण्याची जबाबदारी त्याने का घेऊ नये? अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघातून मते मागणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारला पाहिजे. आणि त्याच दमात दुसराही विचारला पाहिजे, की रिक्त जागा पूर्ण वेतनावर भरणार केव्हा? घरच्या शाळेत सन्मानाची नोकरी मिळण्याची शक्यता असेल, तरच परदेशी करार नाकारण्याचे बळ अंगी येते. ज्याला नाकारता येत नाही, त्याचा होकार हिशेबात धरता येत नाही.

आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे त्यांचे मसुदे त्याआधीच्या हिवाळ्यात येऊ लागतात. तेव्हा वऱ्हाडात कापसाची वेचणी संपत आलेली असते, घरात थोडा पैसा आलेला असतो आणि दलालालाही ते ठाऊक असते. पहिली बैठक त्याच्या आधी भरली पाहिजे.